स्वामींच्या डोळ्यातला दोरा

चामराजपेटेतल्या मंगल कार्यालयात शंभरेक माणसं रडत होती. व्यासपीठाभोवती कापूर-मिरीचा धूर कोंडला होता आणि नागनाथस्वामी माइकवरून सांगत होते, "रडा. अश्रूंशिवाय तीर्थ काम करत नाही. कोरडा डोळा म्हणजे कोरडी श्रद्धा."

मग खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यात बाटलीतले पाण्यासारखे दोन थेंब. डोळा जरा वेळ मिटलेला. आणि स्वामी कापसाच्या काडीने पापणीआडून एक पांढुरका, लुळा दोरा ओढून काढायचे. "हा काचबिंदूच्या ऑपरेशनचा व्रण. डॉक्टरनं कापलं, या तीर्थातल्या दिव्य पेप्टाइडनं उपटलं. शस्त्र न लागलेल्या डोळ्यातून असं काही निघत नाही. माझ्या डोळ्यांना शस्त्र ठाऊक नाही."

लोक हात जोडत होते. गेल्या वर्षी काचबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोने, श्यामलानेही जोडले होते. दोरा निघाला, स्वामींनी डॉक्टरांचे थेंब बंद करायला लावले, आणि तिचा डावा डोळा कायमचा गेला. आज श्यामला माझ्याबरोबर आली होती, आणि तिची धाकटी बहीण अनुसूया रांगेत उभी होती. अनुसूयाचंही काचबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यातलं.

"भावजी, तुम्ही आपली पुस्तकं वाचा," ती म्हणाली. "मला दिसायला हवंय."

चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द घशातच राहतात. आपलंच काही चुकत असेल, असंही वाटतं. पण समोर खुर्चीत हंबीरराव नावाचे गृहस्थ बसले होते. म्हाताऱ्याचे डोळे कोरडे ठणठणीत, धुरातही पाणी येईना. त्यांच्या डोळ्यातून दोरा निघाला नाही. "श्रद्धा कमी," स्वामी म्हणाले. तेव्हा माझी खात्री पटली. श्यामलाच्या उरलेल्या बाटलीवर घरी मी जे करून पाहिलं होतं, ते बरोबर होतं.

मागे पंगत मांडली होती. पानांवर मीठ वाढून झालं होतं. एका पानावरचं मीठ मी ग्लासभर पाण्यात विरघळवलं आणि व्यासपीठावर चढलो. अनुसूयाची पाळी आली होती.

"अनुसूया, बसू नकोस. स्वामी, आधी या ग्लासाला तीर्थ द्या."

"सरी, अज्जा," स्वामी कानडीत 'बरं, आजोबा' म्हणाले, "खाली जाऊन बसा."

तीर्थाची ती उरलेली बाटली श्यामलाने घरून आणलीच होती. थेंब मीच टाकले. काडीने ढवळलं, आणि तसाच लुळा दोरा वर आला.

"ग्लासाचं ऑपरेशन कुणी केलं, स्वामी?"

मागून कुणीतरी हसलं. मी थांबलो नाही. "हा एक डिंक आहे. खारं पाणी लागलं की गोठतो. अश्रू खारट असतात, म्हणून हा धूर. ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला जी वाट करतात, तिच्यावर व्रण धरला की ती बुजते आणि डोळ्यातला दाब वाढतो. तो व्रण आतल्या मांसात असतो, काडीनं निघत नाही. तो कमी धरावा म्हणून पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनांच्या बारीक तुकड्यांच्या जेलवर संशोधन चाललंय, पण ते जेल ऑपरेशनच्या जागी सर्जननं लावायचं असतं, बाटलीतून विकायचं नाही."

"मंत्रानं ग्लास पवित्र झाला," स्वामी म्हणाले.

"मग तुमचाच डोळा बघू," श्यामला म्हणाली. "शस्त्र न लागलेला." ती चाचपडत पुढे आली. स्वामी उठायला लागले, तर रांगेतले लोकच म्हणाले, "बसा स्वामी, तीर्थच तर आहे." धुराने त्यांचे डोळे केव्हाचे पाझरत होते.

"मला नीट दिसत नाही हं. तुमचीच कृपा," ती म्हणाली आणि थेंब सोडले.

मग काडी फिरवून तिने दोरा ओढला. चांगला लांब निघाला. तिने तो उजव्या डोळ्याजवळ धरून सावकाश पाहिला आणि स्वामींच्या रेशमी उपरण्याला पुसला. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

अनुसूयाने पिशवीतून डॉक्टरांच्या थेंबांची बाटली काढली आणि माझ्यापुढे मान वर केली. "घाला भावजी. सकाळपासून घातले नाहीत."

वाचकहो, डोळ्यातून काय निघालं ते पाहून हात जोडू नका. डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यातला दाब मोजून घ्या. श्यामलाचा डोळा आता कशानेही परत येणार नाही.