पांढरा झगा

त्या हिवाळ्यात बोस्सान भरतकामाला बसली, की सासूकडे पाठ फिरवून बसायची. सासूला ती एजे म्हणायची. विचारलं तर सांगायची, "झगा माहेरी पाठवायचाय, एजे. आईसाठी." सासू, आकनाबात, "बरं हो" म्हणायची आणि चहाच्या पेटीची किल्ली वेणीला घट्ट बांधायची.

खरी भानगड त्या किल्लीचीच होती. सून येऊन नऊ वर्षं झाली, दोन पोरं झाली, तरी चहा-साखरेची पेटी सासूच उघडायची. आणि तोंडानं मागायची सोय नव्हती, कारण मुरगाब नदीकाठच्या त्या वस्तीत सुनांनी मागायचं नसतं. म्हणून बोस्सानने सुईदोऱ्याने मागायचं ठरवलं. तरण्या बायकांनी डोक्यावरून गर्द निळा झगा घ्यायचा, मधल्या वयाच्यांनी पिवळा आणि वडीलधाऱ्या म्हाताऱ्यांनी पांढरा; आणि पांढरा आला, की घराची किल्ली सुनेकडे जायची. आकनाबातचा पिवळा उन्हानं विटला होता, पण ती काही तो सोडत नव्हती.

वसंतात आकनाबातच्या पुतण्याच्या लग्नाला सगळी वस्ती जमली. भर बायकांत बोस्सान उठली, बोचकं सोडलं आणि पांढराशुभ्र झगा सासूच्या डोक्यावर घातला. पाठीवर लोंबणाऱ्या लांबलचक बाह्यांवर लाल-पिवळी फुलंच फुलं. बायका चीत्कारल्या, "काय नशीब काढलंस गं! अशी सून मिळायला हवी!"

एवढ्या बायकांसमोर नको म्हणायची सोयच नव्हती. आकनाबातने झग्याची कड बोटांनी चाचपली, मग सुनेकडे पाहिलं. "माहेरची आई बरीच जवळ राहायला आली म्हणायची तुझी," ती हळूच म्हणाली. बोस्सानने मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

मग आकनाबातने ओढणीचं टोक दातांतून काढलं.

तीस वर्षं ते टोक तिच्या दातांत होतं. सासरच्या थोरल्या पुरुषांसमोर सुनांनी तोंड झाकून गप्प राहायची तिथली रीत; नवऱ्याचे थोरले भाऊ होम्मत आगा आले, की ती ते चावून बसायची, आणि होम्मत आगा तर रोज जेवायलाच यायचे. "माझी भावजय म्हणजे सोनं," ते सांगायचे, "आजवर माझ्या शब्दाबाहेर नाही." पण पांढऱ्या झग्यातल्या बाईला कुणासमोर तोंड झाकावं लागत नाही.

त्या दिवशी होम्मत आगा पाहुण्यांना लांडग्याची गोष्ट सांगत होते. ऐन बर्फात, नुसत्या हातांनी त्यांनी तो कसा धरला, वगैरे. आकनाबात सरळ पुरुषांत जाऊन मानाच्या गादीवर बसली.

"आगा," ती म्हणाली, "तो लांडगा नव्हता. शेजारच्या नुरीचा कुत्रा होता. आणि तुम्ही धरला नव्हता, त्यानं तुम्हाला धरलं होतं. पायजमा मीच शिवून दिला ना?"

भात तोंडाशी नेलेले हात तसेच थांबले. मग कुणाला तरी ठसका लागला आणि सगळा तंबू खदखदा हसू लागला. होम्मत आगांनी दाढी कुरवाळली, आभाळाकडे पाहिलं, पण तिथं तंबूचं छप्पर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकनाबातने वेणीची किल्ली सोडून सुनेच्या हातात ठेवली. बोस्सानला वाटलं, जिंकले!

"आता सगळं तुझं," सासू म्हणाली. "चूल, उंटिणींचं दूध, पाहुणे. मला काय बाई, पांढऱ्यावर डाग पडतात." आणि भिंतीला उशी लावून टेकली.

नव्या पांढऱ्या झग्याकडे सल्ले मागायला बायका येऊ लागल्या. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाची बकरी. होम्मत आगा चार दिवस रुसले, मग तेही आले, कारण आता भावजय उत्तर देत होती आणि भांडायला मजा येत होती. बोस्सान पहाटेपासून चहा उकळत राहिली. पेटीचा तळ दिसू लागला.

एका संध्याकाळी तंबू गच्च भरलेला असताना आकनाबात रंगात आली. "माझ्या सुनेनं पहिल्या वर्षी केलेली रोटी? उंटानंही तोंड फिरवलं."

"अहो एजे—" बोस्सानच्या ओठांवर आलं, पण समोर होम्मत आगा होते. तिने ओढणीचं टोक दातांत धरलं आणि शब्द गिळले.

"बोल की गं," सासू गोड आवाजात म्हणाली. "अरे हो. तुला बोलता येत नाही, नाही का?"

बोस्सानने किटली उचलली. त्या वस्तीत पाहुण्याला वाटीत थोडा थोडा चहा ओततात, म्हणजे तो बसून राहतो. काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ, उठा आता. बोस्सानने सासूची वाटी अशी भरली की एक थेंब जास्त पडता तर सांडली असती.

बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. आकनाबातने वाटीकडे पाहिलं, मग सुनेच्या डोळ्यांकडे, आणि पोट धरून हसली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा स्पष्ट बोललीस बघ!" तिने चहा सावकाश, फुंकर मारत संपवला आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली.

दातांतली ओढणी सुटेल की काय असं हसू बोस्सानला आलं. तिने पुन्हा किटली उचलली, आणि या वेळी वाटी निम्मीच भरली.