जिनाला कोणी सांगितलं?

खजुरीच्या फांदीचा दांडा सबाहच्या पाठीवर अकराव्यांदा बसला आणि अंगणातले दोनशे लोक "अल्लाह, अल्लाह" करत पुढे सरकले. शेख मबरूकच्या मते तो बाईला मारत नव्हता, तिच्या अंगातल्या जिनाला मारत होता. रक्त मात्र बाईचंच निघत होतं.

शेखने तिच्या तोंडाशी कान नेला. "कबूल झाला हरामखोर. म्हणतो, ही गुरुवारी पळणार. केना शहरात, बहिणीकडे. गाठोडं भट्टीमागे आहे."

नवरा अतिया धावत जाऊन खरंच गाठोडं घेऊन आला. बाया रडायला लागल्या. अतियाने शेखच्या हातातला दांडा हिसकावून सबाहच्या बरगड्यांवर घातला. मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

मागच्या रांगेत इब्तिसाम होती. समाजसेवेचं शिक्षण घेणारी, गावच्या कल्याण केंद्रात शेवटच्या वर्षाचं काम शिकणारी. गुरुवार, बहीण, गाठोडं, हे सबाहने केंद्रातल्या बंद खोलीत फक्त तिला सांगितलं होतं.

"तू कोणाला बोललीस?" तिने केंद्रात परतून हे सांगितल्यावर प्रमुख रऊफाबाईंनी विचारलं.

"कोणाला नाही. म्हणजे... चहा पिताना आपल्या शिपाई बखीतकाकांपाशी. जीव घाबरला होता माझा. पण नाव नाही घेतलं."

"नाव कशाला हवंय? तुझ्या खोलीतून बाहेर पडलेल्या बाईला पाणी त्यानेच दिलं ना?"

इब्तिसाम उठून उभी राहिली.

"पोलिसांना सांगू या, बाई."

"फौजदाराच्या गळ्यात मबरूकचाच ताईत आहे. तरीही सांगून आलेय मी."

सबाहच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. अतिया म्हणत होता, जिन अजून आत आहे, शुक्रवारी पुन्हा बैठक. दुसरी बैठक ती सोसणार नव्हती.

मग इब्तिसामने बखीतकाकांजवळ चहा पिता पिता डोळे पुसत सांगितलं: तिचा जुळा भाऊ कालव्यात बुडाला, हात तिनेच सोडला होता, आईलाही हे ठाऊक नाही. सगळं खोटं.

शुक्रवारी सबाहला चटईवर आणून टाकलं. इब्तिसाम आडवी आली. "आधी माझं बघा, शेख. मला झोप लागत नाही."

शेखने डोळे फिरवले, थुंकी उडवत पुटपुटला, आणि दांडा तिच्या खांद्यावर हाणला. "बुडालेला भाऊ मानेवर बसलाय तुझ्या. जुळा. हात सोडलास त्याचा."

गर्दी कळवळली. तेवढ्यात, दूरच्या गावाहून इब्तिसामने मुद्दाम बोलावलेली तिची आई उठली. "कुठला भाऊ रे? मी चार पोरीच जन्माला घातल्या. पोरगा झाला नाही म्हणून सासूने मला जन्मभर सोललं, आणि तुला जुळा सापडला?"

कोणीतरी हसलं. शेख म्हणाला, "जिन कधी कधी खोटं बोलतो."

"जिन नाही, मी खोटं बोलले," इब्तिसाम म्हणाली. "बखीतकाकांशी. त्यांनी यांना सांगितलं. सबाहचं गुपितही असंच आलं, ते खरं होतं आणि मीच फोडलं होतं. इथे जिन नव्हता, माझं तोंड होतं. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडू नका, आधी आठवा, हे आपण कोणाजवळ बोललो होतो."

फाटकाकडे सरकणाऱ्या बखीतला लोकांनी धरलं. शेखवर पहिला दगड पडला, त्याचं कपाळ फुटलं. आत्तापर्यंत अल्लाह अल्लाह करणारेच मारत होते. रऊफाबाई मध्ये घुसल्या. "दगड टाका खाली. याला कोर्टात उभं करू, आणि अतियालाही. तुम्ही सगळे साक्षीला या. बघत उभे होतात ना?"

तेव्हा बरेच जण खाली बघायला लागले. ही गोष्ट ऐकणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, लक्षात ठेवा: बरगडी मोडल्यावर जी ओरडते ती बाई असते. तिला दवाखान्यात न्या.

दवाखान्यात इब्तिसामने सबाहला सगळं सांगितलं, आपली चूक न लपवता. सबाहने भिंतीकडे तोंड केलं.

"माझ्याकडे दुसरी कोणी पाठवा."

"पाठवते, ताई."

गुपित फोडल्याबद्दल इब्तिसामचं वर्ष फुकट गेलं, ते तिने मान्य केलं. पंधरा दिवसांनी रऊफाबाईंनी सबाहला अतियाला सापडणार नाही अशा एका सुरक्षित घरी पोचवलं. ते घर कुठल्या गावात आहे, हे इब्तिसामला ठाऊक नाही. तिने विचारलंही नाही.