मोठ्या पडद्याचा टॅब

"ह्याच्यापेक्षा मोठा न्हाय का?" बब्रुवाननं टॅब पार नाकाशी धरून विचारलं.

दुकानदार वीरभद्र हसला. "मामा, पिक्चर बघायचाय का धरणात जायचंय?"

"धरणातच. मधी रेंज न्हाय."

"मग आधी सिमवाला घ्या. ह्या वायफायवाल्यात जीपीएस न्हाय, नकाशावरचा तुमचा ठिपका जागचा हलायचा न्हाय. सिमवाल्यात घरूनच नकाशा उतरवून ठेवा. मग पाण्यात असा न्हायतर परगावी, रेंज नसली तरी आपण कुठं हाय ते दिसतंय."

द्वारकाबाईला हे पटत नव्हतं. लग्न झाल्यापासून नवरा माकणीच्या धरणात होडी वल्हवायचा आणि ती पुढं बसून जाळं ओढायची.

"आवं, धरणातली वाट तुमाला ठाव न्हाय व्हय? आन् फोन हाय की."

"फोनवर बारीक दिसतंय," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "उन्हात."

वीरभद्रनं टॅब बाहेर उन्हात नेऊन पडद्याचा उजेड वाढवून दाखवला. बब्रुवाननं सगळ्यांत मोठा, सगळ्यांत उजळ तोच घेतला. पायरी उतरताना समोरच्या मोटारसायकलवर तो जोरात आदळला.

"कुनी लावली मधीच?" तो ओरडला.

गाडी लालभडक होती. ते आले तेव्हाही ती तिथंच उभी होती.

त्याच संध्याकाळी जाळं टाकताना त्यानं टॅबवर त्या जागेची खूण केली. सकाळी दोघं निघाले. टॅब पारदर्शक पिशवीत घालून त्यानं मांडीवर ठेवला होता. दोन-चार वल्ही मारायची, वाकून निळा ठिपका बघायचा, पुन्हा वल्हं मारायचं. असं थांबत थांबत तो कधी जात नसे.

"धुकं लई पडलंय आज," तो म्हणाला.

द्वारकाबाईनं वर पाहिलं. पाणी चकचकत होतं. पलीकडच्या काठावरची बाभळ न् बाभळ वेगळी दिसत होती. तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"व्हय," एवढंच ती कसंबसं बोलली.

पुढं पाण्यात बुडालेल्या रानातलं एक वाळकं खोड वर आलेलं होतं. तो वळेल, असं तिला वाटलं. त्यानं मान वर केली, थेट खोडाकडं पाहिलं आणि वल्हं मारलं.

"आवं, खोड!"

होडी धाडकन आदळून कलंडली. पाणी आत आलं. द्वारकाबाई मागं सरकून त्याला घट्ट धरून बसली. हळूहळू होडी सावरली. खोड हाताच्या अंतरावर होतं.

"लई मोठं हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

तिला हुंदका आला. "कवापासनं?"

"सोलापूरला जाळी आनाय गेलतो, तवा डाक्टरला दावलं. डोळ्याची नस वाळलीय म्हनला. गेली ती नजर परत यायची न्हाय. हाय ती बी जाईल." त्यानं टॅबवरचं पाणी बाहीनं पुसलं. "म्हनलं, ह्याच्यावर चार वर्सं तरी निघत्याल."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू पान्यात येऊ दिलं नसतंस."

तिनं त्याच्या हातातलं वल्हं घेतलं. खाली वाकून, एकमेकांना धरत त्यांनी जागा बदलल्या. जाळ्यापाशी पोचल्यावर तो ते ओढून एकेक मासा सोडवू लागला. बोटं पूर्वीसारखीच सरसर चालत होती.

परतताना तिच्या नवख्या हातात होडी सारखी वाकडी जात होती. त्याला ते कळत असणार. पण तो खाली मान घालून जाळं गोळा करत राहिला.