पिठाच्या पोत्याची गोष्ट

टँजियर या अरबी बंदरातल्या टेकडीवरच्या बंगल्यात शामा एकवीस वर्षं लेडी सिबिलचं घर सांभाळत होती. लेडी सिबिल बड्या इंग्रज सरदाराची मुलगी. लंडनच्या मेजवान्या आणि दोन नवरे मागे टाकून ती इथे येऊन राहिली होती. तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि गावातल्या इंग्रजांनी ते डोक्यावर घेतलं. भेट द्यायच्या तीस प्रती शामानेच कपाटात लावल्या.

शामाची भाची नुझा शाळेत इंग्रजी शिकवायची. मावशीला पुस्तक वाचून दाखवताना ती एका पानावर अडखळली. शामाने हट्टच धरला, तेव्हा तिने वाचलं. दुष्काळात एका बाईने पिठाच्या एका पोत्याच्या बदल्यात आपली मुलगी लेडीला देऊन टाकली, तीच ही शामा, असं तिथे छापलं होतं.

शामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई सुईण होती. लेडी विषमज्वराने फणफणली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईने अठरा दिवस उशाशी बसून तिला जगवलं होतं. मागाहून लेडीनेच गयावया करून शामाला ठेवून घेतलं होतं.

गुरुवारी व्हरांड्यात पाहुणे चहाला जमले. शामाने केकच्या जागी पुस्तक ठेवलं.

"हे पोतं कुठून आणलंत?"

लेडी हसली. "अगं, लोकांना असंच आवडतं. ताप काय, सगळ्यांनाच येतो."

"आमच्या दारात पोतं नाही, तुमची मोटार आली होती. आईला न्यायला."

मोलकरीण फारच डोक्यावर चढून बसलीय, असं एका कर्नलची बायको म्हणाली. लेडीने पुढच्या आवृत्तीत बघू म्हणून विषय झटकला.

"आत्ताच बघा," शामा म्हणाली, आणि तिने तीसही प्रती टेबलावर आणून आदळल्या. "नाहीतर तापात तुम्ही कोणाचं नाव घेऊन रडत होतात, ते सांगते यांना. ते काही पुस्तकात नाही."

लेडीचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्यांनी टोप्या उचलल्या. कोणी थांबलं नाही.

ते नाव गावभर होऊ नये म्हणून लेडी दात-ओठ खात लिहायला बसली. प्रत्येक प्रतीत ती ओळ खोडायची आणि शेजारी लिहायचं, हिच्या आईने माझा जीव वाचवला. बाराव्या प्रतीवर तिचा हात थांबला.

"तुझ्या आईचं नाव काय होतं गं?"

शामा तिच्याकडे बघतच राहिली. अठरा दिवस त्या बाईच्या हातून पाणी प्यायली होती ही.

"मिन्ना," ती म्हणाली. "आधीच्या अकरांतही लिहा."

सगळ्या प्रती झाल्यावर शामाने त्यातली एक उचलली, कमरेच्या किल्ल्या टेबलावर टाकल्या आणि ती नुझाच्या घरी निघून गेली. लेडीने तीनदा ड्रायव्हर पाठवला. तिन्ही वेळा शामाने दार उघडलं नाही.

दुकानांतून पुस्तक पोत्यासकट खपतच राहिलं. कोणाच्या हातात ते दिसलं की शामा अजूनही भर रस्त्यात त्या माणसाला थांबवते, आणि आईचं नाव सांगते.