चांदीच्या थरातला खंड

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. घरचे म्हणतात, हिला दुधात आधी पाणी दिसतं, दूध नंतर. म्हणोत बापडे. पण या खेपेला खरंच कुठंतरी पाणी मुरत होतं.

आमच्याकडे दुर्बिणींच्या आरशांवर चांदीचा पातळ थर चढवतात. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात चांदी तापवतात आणि तिची वाफ काचेवर बसते. ते भांडं चालवते माझी सख्खी मोठी बहीण, ताई. मला या कामात तिनंच आणलं, तिनंच शिकवलं. मी भिंतीपलीकडच्या खोलीत थराचा ताण मोजते. भांड्यात आरशाशेजारी काचेची एक पातळ पट्टी असते. थर तिला किती वाकवतो, ते माझ्या पडद्यावर रेघेत उमटतं. चांदी आधी सुटी सुटी बेटं करून बसते. बेटं एकमेकांना भिडली की ओढाताण सुरू होते, रेघ वर चढते. मग नवे कण सांध्यांत घुसून रेटारेटी करतात, रेघ खाली येते. चांगल्या थराची रेघ अशी शेवटपर्यंत उतरत राहते.

अलीकडे मात्र आरशांची चांदी सोलून निघत होती आणि त्यांच्या रेघा उतरता उतरता मध्येच वर उचकत होत्या. याचा अर्थ एकच. कुणीतरी मध्येच तापत्या चांदीवरचं झाकण लावून वाफ अडवत होतं. काम थांबलं की आतला रेटा सैलावतो, भांड्यात उरलीसुरली हवा ताज्या चांदीवर बसते आणि पुढचा थर नीट धरत नाही.

झाकणाची बटणं दोन. एक ताईपाशी, दुसरं मागच्या खोलीत पंप सांभाळणाऱ्या घाऱ्यापाशी. हा घाऱ्या म्हणजे तोंडात साखर, दिसेल त्याची विचारपूस. एवढं गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असेल कोण जाणे! शिवाय ताईच्या जागेवर त्याचा डोळा आहे, असं मला केव्हाचं वाटत होतं. साहेबांनी बजावलं होतं, आता आरसा बिघडला तर बिघडवणारा घरी जाईल. भाऊजी अंथरुणाला खिळलेले. ताईची नोकरी गेली तर घर बसलंच समजा. मी सरळ साहेबांच्या कानावर घाऱ्याचं नाव घातलं.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"रंगेहाथ पकडून देते," मी म्हणाले.

दुपारी नवा आरसा लावला. मी पंपाच्या खोलीच्या दारात दबा धरून उभी राहिले. तिथून माझा पडदाही दिसत होता. घाऱ्या फडक्यानं पंपाचं सांडलेलं तेल पुसत होता. बटणाकडे बघेल तर शपथ! आणि तेवढ्यात पडद्यावरची रेघ उचकली.

मी धावत ताईकडे गेले. झाकण बंद होतं. ताईनं थराची जाडी दाखवणाऱ्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढला होता आणि तो मोठा करून, नाकाशी धरून ती वाचत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

ती दचकली. "हळू बोल. आकडे पुसट दिसतात गं. चष्मा बदलून झाला. गेलेली नजर परत यायची नाही म्हणतात डॉक्टर. कुणाला बोलू नकोस, यांना तर मुळीच नाही."

आधी मला संतापच आला. सख्ख्या बहिणीपासून लपवते! मग साहेबांनी बजावलेलं आठवलं. काही बोलणार, तेवढ्यात साहेब दारात उभे. मागे फडकं हातात घेऊन घाऱ्या.

"काय, सापडला का चोर?"

"हो," मी म्हणाले. "घाऱ्याच."

"अहो, मी बटणाला हातसुद्धा लावला नाही!" घाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सामान आवर," साहेब त्याला म्हणाले.

"थांबा, साहेब." ताई उठली. भिंतीचा आधार घेत पुढे आली. "हिला काही माहीत नाही. आकडे वाचायला वेळ मिळावा म्हणून झाकण मीच लावते. मला ते दिसत नाहीत."

साहेब जमिनीकडे बघत राहिले. घाऱ्यानं खुर्ची ओढून ताईला बसवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"कधीपासून होतंय हे, ताई?" त्यानं विचारलं.

मी तिला एवढंही विचारलं नव्हतं.