बोटांनी पाहिलेलं वर्तुळ

साखरेच्या आजारानं रिफअतची नजर गेली, तेव्हा त्याच्या दुकानात एक पडदा अर्धवट शिवून पडला होता. कैरोच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत जाड कापडावर रंगीत तुकडे बेतून, कडा आत दुमडून, टाका दिसू न देता शिवणारे पुष्कळ आहेत; पण गोल तुकडा लावताना भल्याभल्यांच्या कडेला कोपरे येतात. रिफअतच्या येत नसत. त्या पडद्याची नेमकी वर्तुळंच राहिली होती.

धाकटा भाऊ गलाल म्हणाला, दुसऱ्या कारागिराकडे देऊ. घरी बसल्यापासून रिफअत फारसा बोलतच नसे. तेव्हा त्याची बायको नजवा म्हणाली, पडदा घरी पाठवा, मी शिवते. दुकानाची पानं-फुलं ती लग्नापासून घरी शिवत आली होती. वर्तुळं मात्र रिफअतनं तिला कधी दिली नव्हती.

पहिलं वर्तुळ झाल्यावर तिनं त्याचा हात धरून कापडावर ठेवला. तो कडेवरून बोट फिरवत राहिला.

“हा बटाटा कुणी शिवला?”

“मी. शिकवलं नाहीस, तर बटाटेच येणार.”

त्यानं बोट पुन्हा कडेवर नेलं. मग म्हणाला, “एवढं एक तरी फक्त माझं असावं, असं वाटायचं मला.”

नजवानं कात्रीनं टाके उसवायला घेतले.

“कड सगळी एकदम दुमडू नकोस,” तो म्हणाला. “सुईच्या टोकानं एका टाक्यापुरती आत सार. टाका घाल, मग पुढची. आधीच दुमडून ठेवलीस की कोपरा बसतो.”

त्यानं कापड स्वतःच्या मांडीवर ओढलं आणि तिच्या सुईखाली हळूहळू फिरवू लागला. मध्येच घाई केली, सुई तिच्या बोटात गेली, तिनं त्याला दोन शब्द सुनावले. पुदिन्याचा चहा तसाच निवला. आजारपणानंतर दोघं इतकी जवळ प्रथमच बसली होती.

पडदा न्यायला आलेला गलाल वर्तुळांकडे पाहतच राहिला.

“दादा, दिसायला लागलं की काय तुला?”

“नाही. हे तुझ्या वहिनीचं काम आहे.”

गलालनं अडखळत विचारलं, वहिनी दुकानात येऊन शिवतील का? नजवा म्हणाली, रिफअत येणार असेल तर.

“आंधळ्यानं तिथं बसून काय करायचं?” रिफअत म्हणाला. “लोक कीव करतील.”

“करू देत की. शिवण तपासणार कोण? गलालला डोळे आहेत, तेवढ्यानं भागत नाही.”

शनिवारी तिचं कोपर धरून तो गल्लीत आला. शेजारचे कारागीर उठून उभे राहिले, कुणी त्याचे खांदे कवटाळले. शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या सबरीनं आपलं शिवण त्याच्या हातात दिलं. रिफअतनं बोट फिरवलं, थांबला, परत मागे नेलं.

“इथं उसवा, चाचा.”

सबरी कुरकुरत कात्री शोधू लागला.