पाच वेळा उचला, मग बसा

मी एक जुना रॉड आहे, वीस किलोंचा. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असतो. मधोमध किंचित वाकलोय, पण म्हातारपणामुळे नव्हे हं, मित्रांनो. एका गड्याने फुशारकी मारायला मला बाकाच्या कडेवर आपटलं होतं.

त्याआधी माझा थाट होता. भट्टीतून निघालो, लेथवर गुळगुळीत झालो, पकड बसावी म्हणून अंगावर बारीक खाचा पाडून घेतल्या. दहा वर्षं माझं तेलपाणी वेळेवर झालं. मग नवे चकचकीत रॉड आले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आली. नव्या रॉडांना हात लावायला ती बिचकली आणि तिने मला उचललं. मला फार बरं वाटलं. तिची चौदा वर्षांची मुलगी चालू शकत नव्हती. दिवसातून सहा वेळा आई तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायची. मुलगी आता एक्केचाळीस किलोंची झाली होती आणि गेल्याच महिन्यात आईच्या हातून निसटून पडली होती. घरातल्यांनी बजावलं होतं, पुन्हा पडली तर तिला संस्थेत ठेवायचं.

बाई जिद्दीची, पण कष्टाळू माणसाची खोडही तिला होती. ती नुसता मलाच उचलायची, लागोपाठ तीस-तीस वेळा, घामाघूम होईपर्यंत. शिवताना हात थांबला की काम मागे पडतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. दोन महिन्यांत तिचा दम वाढला, पण मुलगी काही नीट उचलली जाईना. मला कळत होतं, पण लोखंडाला विचारतो कोण?

शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला अडवलं.

"ताई, मुलीला लागोपाठ तीस वेळा उचलता का?"

"नाही हो, एका वेळी एकदाच. तेच तर नीट जमत नाही."

"मग वजन वाढवा, आकडा कमी करा. पाच वेळा उचला. पाचव्यानंतर अजून दोनदा जमलं असतं असं वाटेल, एवढंच वजन घ्या. मग तीन मिनिटं बसा. असे पाच सेट."

"तीन मिनिटं नुसती बसून राहू? लोक काय म्हणतील?"

"लोक मुलगी उचलायला येणार आहेत का?"

ती बसली, पण काट्यावर बसल्यासारखी. मास्तरांनी पलंगाच्या उंचीचे दोन ठोकळे आणले, मला त्यांवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोंच्या प्लेट चढवल्या. पाच सेट नीट जमले की पुढच्या आठवड्यात अडीच किलो जास्त. पाठ वाकली की मास्तर वजन उतरवायचे. चाळीस किलोंवर ती तीन आठवडे अडली. एकदा तर डोळे पुसत बाकावर बसून राहिली. पण तीन मिनिटं झाली आणि ती उठली. मला तिचा अभिमान वाटला.

साठ किलो झाले तेव्हा ती मुलीला घेऊन आली. पाय रोवले, पाठ सरळ ठेवली आणि तिला खुर्चीतून अलगद उचलून बाकावर बसवलं. मुलगी आपली काख चाचपून पाहू लागली.

"काय गं?"

"आई, आज काखेत दुखलं नाही."

"म्हणजे, रोज दुखायचं?"

"हो. पण तू दमलेली असायचीस."

मित्रांनो, ज्याला कुणाला तरी सांभाळायचं आहे, त्याने आधी आपली पाठ सांभाळावी. थोडं उचला, पण नीट उचला, आणि विसाव्याची लाज बाळगू नका.

बाई बराच वेळ मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे आली आणि दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवला. मुलगी अजून वाढायची होती.